चाकांची खोली

आमच्या दुकानात आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक चाकावर बोट टेकवायचं आणि म्हणायचं, "सुकलंय की वहिनी! द्या ना मग." मी ते बोट उचलून बाजूला करायची. सुकणं वेगळं आणि पक्कं होणं वेगळं, हे लोकांना समजावण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. उरलेलं निम्मं धूळ पुसण्यात.

घाटकोपर पूर्वेला, हायवेच्या अलीकडे, एका गल्लीच्या तोंडाशी आमचा गाळा होता. गाडीची अलॉयची चाकं, ज्यांना मुंबईत सगळे मॅग म्हणतात, ती आम्ही नवी करून द्यायचो. कुणाचं फूटपाथला घासलेलं, कुणाची खड्ड्यात आपटून कड उडालेली. टायर काढायचा, जुना रंग खरवडायचा, कड भरून घासायची, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात शेवटी लॅकर. लॅकर म्हणजे वरचा पारदर्शक थर. चाकाला चमक येते ती त्याची, आणि ऊन-पाणी-चिखल अंगावर घेतो तोही तोच. त्यात हार्डनर मिसळला की तो घट्ट होऊ लागतो. काही तासांनी बोटाला चिकटत नाही. पण आतून पक्कं व्हायला दोन-तीन आठवडे जातात. तोपर्यंत ते चाक ओल्या बाळंतिणीसारखं जपायचं. जोराचं पाणी नको, साबण नको, झाडाखाली गाडी नको, कारण पक्ष्याची घाण पडली तर डाग कायमचा.

हे सगळं सांगूनही लोक आपलं तेच करायचे. मुलुंडच्या एका बाईंनी दसऱ्याला गाडीची पूजा केली आणि आम्ही चारच दिवसांपूर्वी केलेल्या चाकांवर कुंकवाची बोटं ओढली. कुंकू लॅकरमध्ये मुरलं. पुसायला गेल्या तर गुलाबी पसरलं. त्या मलाच म्हणाल्या, "देवाच्या कुंकवाने खराब होणारा कसला तुमचा रंग!" अंधेरीच्या एका मुलाने माझं इतकं ऐकलं, इतकं ऐकलं, की टायर चढवायच्या आधी चाकं घरी नेऊन एसी बेडरूममध्ये गादीवर झोपवली. आईबाप बाहेर हॉलमध्ये. चौथ्या दिवशी चाकं उचलली तर गादीच्या कापडाची वीण लॅकरवर जशीच्या तशी उठली होती. तो रडकुंडीला आला होता आणि मला हसू आवरत नव्हतं.

पण लॅकरचा खरा शत्रू म्हणजे मारल्यानंतरचे पहिले काही तास. हवेतला धुळीचा एक कण बसला तरी दाणा दिसतो. दमट हवा असेल तर चमक जाऊन पांढुरका थर येतो. तेलाचा अंश असेल तर बारीक खड्डे पडतात. म्हणून कामाच्या दिवशी मी डोक्याला खोबरेल लावायची नाही आणि शेजारी कुणी भजी तळायला घेतली की मला घाम फुटायचा. यावर उपाय म्हणून माझ्या नवऱ्याने, यशवंतने, गाळ्याच्या मागच्या भागात एक खोली बांधली होती. भिंती-छत गुळगुळीत, दाराच्या फटींना रबर, आत येणारी हवा जाड गाळणीतून, बाहेर जाणारी छपरावरच्या पाइपातून. गरम दिवे. फरशी पाण्याने ओली ठेवलेली, म्हणजे धूळ उडत नाही. चाकं लोखंडी दांड्यांवर टांगलेली. गल्लीतले लोक तिला 'चाकांची खोली' म्हणायचे. आमच्या सगळ्या गल्लीत एवढी स्वच्छ जागा दुसरी नव्हती, आणि याचा मला अभिमान होता. लपवायचं कशाला?

स्वच्छ म्हणजे धूळ नसलेली. या शब्दाचा आणखी काही अर्थ असतो हे आम्हाला उशिरा कळलं.

यशवंतला आधी नुसता खोकला होता. मग रात्रीची छाती भरायला लागली. तो रंगारी होता, साधा रुमाल बांधून वर्षानुवर्षं लॅकर मारलेला. डॉक्टरांनी हार्डनरचा डबा आणायला सांगितला, त्यावरचं बारीक अक्षर वाचलं आणि म्हणाले, "याच्या वाफेने छाती बिघडते. आणि एकदा बिघडली की सवय होत नाही, उलट प्रत्येक वेळी जास्त भडकते. या माणसाने त्या खोलीत आता पाऊल टाकायचं नाही. दमा असलेल्या कुणीच टाकायचं नाही."

त्या दिवसापासून स्प्रेची गन मी हातात घेतली. पाइपाने बाहेरची हवा आणणारा चांगला मास्क घेतला. कपडे दुकानातच बदलून मगच घरी जायची. यशवंत घरी बसला. त्याने एकच अट घातली, "गल्लीत आणि गिऱ्हाइकांत कारण बोलायचं नाही. दमा झालाय, एवढंच. नाहीतर उद्या गाळ्याला टाळं लागेल." मी कबूल झाले. आमचं पोट त्या गाळ्यावर होतं.

आमच्या घराच्या समोरचं दार तारामावशीचं. आमची सख्खी नव्हे, पण कुडाळकडची, म्हणजे आमच्याच बाजूची. मी लग्न होऊन आले तेव्हा मला पहिलं जेवण तिने वाढलं होतं. तिचा नवरा गिरणीत होता, तो गेला. मुलगा दीपक एका कुरिअरच्या ऑफिसात. दुपारी मावशी लसूण सोलायला घेऊन आमच्या गाळ्याच्या तोंडाशी स्टुलावर येऊन बसायची आणि मांजरांना हाकलायची. दम तिलाही लागायचा, दम्याचा पंप कमरेला खोचलेला असायचा. म्हणून लॅकरच्या दिवशी मी तिला येऊ द्यायची नाही. "आज वास आहे मावशी, डोकं धरेल," म्हणायची. ती फणकारायची, "तुझ्या चाकांची मजा हा गो! पंखो काय, दिवे काय. माका मेलीक घरात एक खिडकी." मी हसायची. याहून जास्त काही सांगायची नाही.

मग देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराला आग लागली.

आमच्याकडे हे नवीन नाही. वारा फिरला की धूर येतो, डोळे चुरचुरतात, दोन दिवसांनी कमी होतो. पण त्या वेळी तो हटेना. सकाळी दार उघडलं की समोरचं दार धुरकट दिसायचं. तोंडात जळक्या प्लॅस्टिकची चव. दोरीवरच्या कपड्यांवर काळी कुसळं. पोरांच्या शाळा बंद झाल्या. पहिल्याच दिवशी मी यशवंतला बोरिवलीला त्याच्या बहिणीकडे पाठवून दिलं. तिथे धूर नव्हता. मावशीलाही म्हटलं होतं, "तूही जा ना त्याच्याबरोबर." ती म्हणाली, "परक्याच्या घरात खंय जाऊ? दीपकाक जेवण कोण घालतला?" दीपकची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती.

मी मात्र दुकान बंद ठेवू शकत नव्हते. मुलुंडच्या कुलकर्ण्यांची गाडी आत उभी होती. बँकेतून निवृत्त झालेले, मुलीचं लग्न तोंडावर. धूर सुरू व्हायच्या आधीच चाकं काढून, खरवडून, रंगवून झाली होती. चार चाकं मागच्या खोलीत, टायर मेन रोडच्या टायरवाल्याकडे, आणि गाडी चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे तिवयांवर, चढवलेली. सकाळी हवा जरा बरी वाटली तेव्हा मी लॅकर मारून घेतलं, दाराच्या फटींना ओली फडकी दाबली, वरून चिकटपट्टी लावली. राखेचा एक कण आत जाऊ दिला नाही. मास्क काढून बाहेर बसले तेव्हा माझं मलाच बरं वाटलं होतं.

दुपारी दीपकची हाक आली. "काकी! काकी!"

तो आईला दोन्ही हातांवर घेऊन गल्लीतून धावत येत होता. मागे चारपाच शेजारी. मावशीचा चेहरा राखेसारखा झालेला, ओठ निळसर, मान प्रत्येक श्वासाला पुढे येत होती.

"अँब्युलन्सला फोन केलाय," दीपक म्हणाला. "हायवे जाम आहे, वेळ लागेल म्हणतायत. रिक्षात घालत होतो, उघड्या रिक्षात या धुरातून कशी नेऊ? पंपाचा उपयोग होत नाहीये. काकी, चाकांची खोली उघड. अँब्युलन्स येईपर्यंत आत ठेवू."

मागून कुणीतरी म्हणालं, "हां, तिथे हवा साफ आहे."

मी दारासमोर उभी राहिले. "तिथे नाही, दीपक."

त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. "अगं आत चाकं आहेत ना, राहू दे. हात नाही लावणार कुणी."

"चाकांचं नाही रे. तिथे नको नेऊ."

"मग काय? दार उघडलं तर धूर जाईल आत, रंग खराब होईल, हेच ना?" तो आता ओरडत होता. "काकी, ही मरतेय!"

आईला शेजाऱ्यांच्या हातांत देऊन तो खांद्याने मला ढकलून पुढे झाला. त्याने चिकटपट्टी ओढली. एक फडकं खाली पडलं. मी त्याचा हात दोन्ही हातांनी धरला आणि जे इतकी वर्षं बोलले नव्हते ते सगळ्या गल्लीसमोर ओरडले. "आत विष आहे! सकाळी लॅकर मारलंय. त्याच्या वाफेने यशवंतची छाती गेली. दम्याच्या माणसाला पाच मिनिटं पुरतील. तुझ्या आईला मारायचंय का तुला?"

पुढे सरकलेले शेजारी जागीच थांबले. नुसता मावशीच्या छातीचा आवाज.

दीपकने दारावरचा हात काढला. "मग तू कशी जातेस आत?"

"मास्क लावून."

"आमच्याकडे कुठेय मास्क?"

माझा एकच होता, आणि त्याच्या पाइपातून बाहेरचा धूरच आला असता. हे समजावायला वेळही नव्हता. माझी नजर कुलकर्ण्यांच्या गाडीवर गेली. किल्ली माझ्याच कमरेला होती. "गाडीत बसव तिला," मी म्हटलं. "काचा बंद, एसी चालू, आतली हवा आतच फिरते. धूर येणार नाही. उचल!"

शटर पूर्ण वर केलं. गाडीची मागची बाजू गल्लीकडे होती, इंजिनाचा धूर बाहेरच जाणार होता. आम्ही मावशीला मागच्या सीटवर बसवलं, टेकायला माझी शाल दिली. दीपक तिच्याशेजारी, मी पुढे. इंजिन चालू करून आतली हवा फिरवायचं बटण दाबलं. बाहेर लोक काचांना नाक लावून उभे. गाडी घोड्यांवर असल्यामुळे आम्ही सगळ्यांपेक्षा थोडे उंच बसलो होतो. जरा हललं की गाडी करकरायची.

थोड्या वेळाने खोकला कमी झाला. दीपक मधूनमधून पंप मारत होता, ती फवारणी आता आत उतरली असावी. मावशीने डोळे उघडले. मला बघितलं, मग काचेबाहेर बघितलं. "खंय नेतंस गो?" तिने विचारलं.

"हॉस्पिटलात, मावशी."

"मग चलना कशी नाय गाडी?"

दीपकने तोंड फिरवलं. मी म्हटलं, "चालतेय. ट्रॅफिक आहे." तिने मान हलवली आणि परत डोळे मिटले.

दीपक हळूच म्हणाला, "चाकं लाव ना. मी चालवतो."

मी त्याला सांगितलं, टायर मेन रोडला आहेत. आणायचे, चढवायचे, हवा भरायची, गाडी उतरवायची, तोपर्यंत अँब्युलन्स येऊन जाईल. ते खरंच होतं. त्याने ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाला, "काकांना बोरिवलीला पाठवलंस. आमचं कोण आहे बोरिवलीला?"

अँब्युलन्स आली तेव्हा मावशीची बोटं गार झाली होती, पण श्वास चालू होता. ऑक्सिजन लावला. स्ट्रेचरवर घेताना तिने माझी शाल मुठीत घट्ट धरली होती, ती सोडवली नाही, तशीच जाऊ दिली.

ती आठवडाभर जगली. मी रोज जायची. काचेतून बघायचं, दीपकला डबा द्यायचा, परत यायचं. तो डबा घ्यायचा. बोलायचा नाही. शेवटच्या दिवशी डॉक्टर त्याला म्हणाले, छाती आधीच जुनी होती, धुराने शेवट केला. मी बाजूलाच उभी होते. डॉक्टरांनी धुराशिवाय दुसरं काही म्हटलं नाही, तरी दीपकने एकदा माझ्याकडे बघितलं.

गल्लीत मात्र गोष्ट तयार झाली होती. मंदाने, म्हणजे मी, चाकांसाठी दार उघडलं नाही आणि म्हातारीला बिनचाकाच्या गाडीत बसवून ठेवलं. ज्यांनी माझं ओरडणं कानांनी ऐकलं होतं तेही असंच सांगायचे, कारण गोष्ट अशी जास्त चांगली रंगते. आणि ज्यांनी माझं खरं मानलं त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, जो यशवंतला आधीपासून माहीत होता. "एवढं विष आहे तर त्या पाइपातून आमच्या डोक्यावर इतकी वर्षं काय सोडत होतीस?"

मी सांगितलं की पाइपाला गाळणी होती, पाइप उंच होता, वाफ वर जाते, विरते. हे सगळं खरं होतं. पुरेसं होतं का, हे मला माहीत नाही. कुणी मोजलं नव्हतं. पोरांचे बाप, सासवा, दुकानदार, सगळे गाळ्यासमोर जमायचे आणि मी एकेकाला हेच सांगायची. एक बाई नुसती म्हणाली, "माझ्या पोराला खोकला आहे," आणि निघून गेली. तिला मी काय सांगणार होते?

यशवंत बोरिवलीहून परत आला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "का बोललीस? चाकांसाठी नाही म्हणून सांगायचं होतंस. त्यांनी शिव्या दिल्या असत्या, विसरले असते. दुकान राहिलं असतं."

"दीपकने दार फोडलं असतं."

"हो," तो म्हणाला. "ते आहे." आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

कुलकर्ण्यांना मी सगळं खरं सांगितलं. चाकं चढवून झाली होती, लॅकर आरशासारखं आलं होतं. तशी चाकं मी आयुष्यात फार थोडी केली असतील. ते म्हणाले, "बरं केलंत हो. माणुसकी आहे." मग मागच्या सीटकडे बघून जरा थांबले आणि विचारलं, "संसर्गाचं नव्हतं ना काही?" मी नाही म्हटलं. ते समाधानाने गेले. तेच आमचं शेवटचं गिऱ्हाईक. गल्लीने पालिकेत अर्ज करायच्या आधीच मी कॉम्प्रेसर विकायला काढला. उरलेला हार्डनर एका मोठ्या कारखान्याकडे दिला, तिथे त्यांची व्यवस्था असते म्हणतात. हल्ली मी ठाण्याच्या बाजूला अशाच एका नव्या कारखान्यात पोरांना शिकवायला जाते. फटी कशा बंद करायच्या, फरशी कशी ओली ठेवायची. पण पहिल्या दिवशी मास्क शिकवते, आणि मास्कशिवाय आत पाय टाकणाऱ्याला हाताला धरून बाहेर काढते. पोरं म्हणतात, मॅडम फार कडक आहेत.

मावशीचं तेरावं झाल्यावर मी समोर गेले. दीपक एकटाच होता. त्याने मला बसायला सांगितलं, स्वतः चहा केला. कप माझ्या हातात देऊन समोर बसला.

"काकी, एक विचारू? खरं सांग. त्या दिवशी आत चाकं नसती, खोली रिकामी असती, तर उघडलं असतंस?"

मी विचार करून सांगितलं, "रोज काम चालायचं रे. ती वाफ भिंतींतही असते. त्या खोलीत मी तिला कधीच नेलं नसतं."

त्याने मान हलवली. "मी एका डॉक्टरला विचारलं. ओळखीचा आहे. तो म्हणाला, बाईने बरोबर केलं. आत नेलं असतं तर तिथेच गेली असती."

मी चहाचा एक घोट घेतला.

"म्हणजे तू तिला आठवडा दिलास," तो म्हणाला. "मला कळतं ते. पण काकी, तू समोर आलीस की मला दारासमोर उभी राहिलेलीच दिसतेस. मी काय करू?"

"काही करू नकोस."

"थोडे दिवस येऊ नकोस घरी. राग नाही. पण येऊ नकोस."

मी कप खाली ठेवला आणि उठले. त्याने दार माझ्या मागे हळूच लावलं, आवाज होऊ दिला नाही.

त्याची मुलगी आता चालायला लागलीय. आमची दारं अजून समोरासमोरच आहेत. सकाळी मी चप्पल घालून आतल्या बाजूला उभी राहते. त्याचं दार वाजतं, तो मुलीला टाटा करतो, त्याची पावलं गल्लीच्या टोकाला जातात. ती ऐकू यायची बंद झाली की मी कडी काढते.